चित्रातला बिनचेहऱ्याचा बाप

समुपदेशक बाईंनी त्या चित्रात काय काय पाहिलं ते ऐकलंत, तर तुमच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल. सात वर्षांच्या पोरीनं पेन्सिलीनं काढलेला एक माणूस आणि एक घोडा, बस्स. माणूस वाकलेला, त्याला चेहराच नाही. घोड्याचा पुढचा पाय त्याच्या गुडघ्यांत धरलेला आणि हातात सुरी. बाईंनी चष्मा पुसला आणि सांगून टाकलं: बिनचेहऱ्याचा माणूस म्हणजे बाप, अडकलेलं जनावर म्हणजे पोर, आणि पोर घरी मार खाते. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

अहो, तिचा बाप नालबंद आहे. वीस वर्षं तबेल्यात घोड्यांना नाल ठोकतोय. पुढच्या पायाला नाल मारायचा तर घोड्याच्या तोंडाकडे पाठ करून वाकावं लागतं, पाय दुमडून गुडघ्यांत धरावा लागतो आणि वाढलेला खूर सुरीनं तासावा लागतो. आपण नखं काढतो तसंच ते, घोड्याला दुखतसुद्धा नाही. शाळा सुटली की पोर समोर पेंढीवर बसून हे बघायची. तिथून तिला बापाची टाळू दिसायची, चेहरा कुठून दिसणार? दिसलं ते तिनं काढलं.

बापाला शाळेत बोलावणं आलं. पोरीची आई जाऊन दोन वर्षं झालेली. बाईंनी अहवालात वाईट लिहिलं, तर पोर परगावी मावशीकडे जाणार होती. माणूस तसा जमदग्नी, तबेल्याचा मालकही त्याला दबून असायचा. पण इथं आवाज चढवला की बाईंचंच खरं ठरणार. म्हणून मुख्याध्यापिकेच्या खोलीत तो स्वतःच्याच मांड्यांखाली हात दाबून बसला. बाईंनी तेही लिहून घेतलं.

दोनदा समजावून झालं. बाई मान हलवत होत्या आणि लिहीत होत्या. शेवटी तो उठला. लाकडी खुर्ची आडवी केली, बाईंकडे डोकं करून वाकला, खुर्चीचा एक पाय गुडघ्यांत धरला आणि तसाच खाली बघत म्हणाला, "बाई, आता माझा चेहरा दिसतोय का?"

मुख्याध्यापिकेला हसू आवरेना. बाईंचे कान लाल झाले. त्यांनी 'प्रकरण बंद' असं लिहून वही मिटली आणि गैरसमज होतात कधीकधी, असं म्हणाल्या. माफीचा एक शब्द नाही. वीस वर्षं इमानानं काम करणारा माणूस खुर्चीचा पाय धरून उभा, आणि ह्यांच्या लेखी गैरसमज!

घरी येईपर्यंत त्यानं राग कसाबसा गिळला होता. पोरीचे बूट काढायला तो खाली बसला. ती हळूच म्हणाली, "बाबा, तू मला कधी मारलं होतंस? बाई चार दिवस विचारत होत्या. मी खूप आठवून पाहिलं."