फाट्यावरचं बाकडं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. अर्जुनी मोरगावपासून दोन कोसांवरच्या त्या गावात मोटारबस सहा वर्षं उशिरा आली, ती माझ्यामुळे. पण ते सांगायचं तर आधी माझ्या घरमालकांबद्दल सांगायला हवं. कारण इतका तयारीचा माणूस साऱ्या झाडीपट्टीत दुसरा झाला नसेल.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती ती. मी बावीस वर्षांचा, गावच्या शाळेचा मास्तर. टपालाची थैलीही माझ्याचकडे येई. घरमालक धानाचे शेतकरी, अक्षरशत्रू, आणि गावात जे जे नाही त्याची जागा आधीच करून ठेवण्याचं त्यांना वेड. "जागा असली तं सोय येते, मास्तर. पाहुणा दारात आल्यावर का खाट विनाची?" गावात वीज नव्हती, तर चौकात ऐनाच्या लाकडाचा खांब पुरून मोकळे झाले. तार येईपर्यंत त्याला गावच्या बकऱ्या बांधल्या जात. डॉक्टर नव्हता, तर गोंदियाहून बैलगाडीत एक हातांची खुर्ची आणून ओसरीवर मांडली. तिच्यावर कुणी बसायचं नाही. एकदा सणाला आलेले जावई नकळत टेकले, तर मालक म्हणाले, "उठा जी. डॉक्टराची खुर्ची होय ते."

"मंग मी कुठी बसू?"

"बिमार पडा, मंग समोरच्या बाकड्यावर बसा."

पण त्यांचा खरा जीव फाट्यावर. तिथे करंजाखाली त्यांनी सागाचं बाकडं ठोकलं, पाण्याचा माठ ठेवला आणि रोज सकाळी पिशवी घेऊन ते जाऊन बसू लागले. गाडी आली आणि पाशिंजरच नसला तर गावाची काय इज्जत राहील, ही चिंता. पिशवीत धोतर, फोडणीचे पोहे आणि कंदील. मालकीणबाई दारातून विचारत, "कुठी चालले जी आज?"

"कुठीच नाही. पण गाडीले तसं सांगू नोको."

दर बाजाराच्या दिवशी ते मला मोटारीसाठी अर्ज सांगत आणि मी लिही. एका अर्जात त्यांनी बाकड्याची लांबी-रुंदी घालायला लावली होती.

अखेर एका आषाढात उत्तर आलं. अमक्या तारखेला साहेब फाट्याची पाहणी करायला येतील, गावकऱ्यांनी हजर राहावं. ऐन रोवणीचे, धान लावायचे दिवस. बाजाराच्या दिवशी सगळ्यांसमोर पत्र वाचून मालकांना चकित करायचं, असं ठरवून मी ते हजेरीपटात ठेवलं. पण पोरं सगळी बांधीत, धानाच्या चिखलात; वर्ग ओस. हजेरीपट मिटला तो उघडलाच नाही. बाजारही पावसात वाहून गेला, आणि पत्र माझ्या डोक्यातून साफ गेलं.

मालकांची रोवणी संपली त्या दिवशी मलाही बांधीवर जेवायला बोलावलं होतं. बांधी फाट्याला लागूनच. शेवटचा परा, म्हणजे धानाचं रोप, लागला की बायका मालकाला चिखल माखतात, खाऊ मागतात. रस्त्याने जाणारा भला माणूस दिसला तर त्यालाही सोडत नाहीत. तेवढ्यात जीप थांबली आणि पांढऱ्या पँटीतले एक साहेब उतरले.

"पाहुणे आले वो!" मालक हर्षाने ओरडले. "लावा, लावा! मानाचे दिसून राहिले!"

पाच-सहा बायका धावल्या. साहेब कानापर्यंत माखले.

"हा काय प्रकार आहे?"

"मान होय जी तुमचा!" मालक हात जोडून हसत होते. "आता बायांले गूळ-पोहे तं द्या!"

मी जीपवरची पाटी वाचली आणि मला हजेरीपट आठवला. तोंड उघडायला वेळ होता. मी उघडलं नाही. जीप वळून गेली.

पंधरा दिवसांनी दुसरं पत्र आलं. मालकांनी ओसरीवर ते मला मोठ्याने वाचायला लावलं. त्यात लिहिलं होतं: "आगाऊ लेखी सूचना देऊनही ग्रामस्थांनी अधिकाऱ्यांशी अशोभनीय वर्तन केले, सबब मागणी नामंजूर." मी पहिले चार शब्द गिळून उरलेलं वाचलं.

ते तसेच उठले. मग घरोघर फिरले. "माझ्याच बायांनं गावाची गाडी परतवली. मीच लावा म्हटलो. माफी करा जी." एका म्हातारीने त्यांना सांगितलं, "जाऊ दे गा, आमाले कुठी जाचं होतं!" ती समजूत घालत होती; त्यांना ते जास्तच लागलं. मी पुढच्या बाजाराला कागद घेऊन बसलो, तर म्हणाले, "आता अर्ज नोको, मास्तर. माझ्या नावानं काही मागू नोका." पिशवी खुंटीला गेली. फाट्यावर ते माठ भरायला तेवढे जात, बसत नसत.

मोटार आली तेव्हा त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. गाडी बरोबर बाकड्यासमोर थांबली. जागा तयार होती ना.

आता वीज आहे, दवाखाना आहे. त्यांचा मुलगा अजून मला वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, "बाबाच्या एका चुकीनं गाव मागं राहिलं, गुरुजी." मी मान हलवतो. ते दुसरं पत्र माझ्याजवळ आहे. त्यातले चार शब्द त्या ओसरीवर, त्या मुलासमोर, मोठ्याने वाचून दाखवायचे माझ्याकडे राहिले आहेत.