तेल लावलेला कॉम्प्युटर

माझ्या कॉम्प्युटरला वडिलांनी तेल लावलं होतं, हा किस्सा आमच्या गावात, देवबागात, अजून सांगतात. लोक हसतात, मीही हसतो. त्यातलं जे फक्त मला माहीत आहे ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आई गेल्यावर घरी वडील एकटेच होते. पुण्यातली नोकरी सोडून मी परत आलो तो त्यांच्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगायचो आणि ते बरंचसं खरंही होतं. बांधायच्या आधी इमारत कशी दिसेल याच्या छोट्या फिल्म मी करतो. पुण्यातल्या एका स्टुडिओने सांगितलं, चार दिवसांत एक फिल्म करून दाखव, जमलं तर कायमचं काम घरबसल्या देऊ. नाही जमलं तर पुन्हा पुण्याची खोली, पुन्हा डबा, आणि वडील इथे एकटे.

कॉम्प्युटर मीच जोडला होता. सुटे भाग मागवले, व्हिडिओ बघितले आणि पडवीलगतच्या खोलीत बसून दोन दिवसांत उभा केला. फार गर्व होता मला त्याचा. पहिल्यापासून तो जरा जास्तच तापायचा, पण कोकणात काय तापत नाही, असं म्हणून मी सोडून दिलं. शिवाय चार दिवसांत काम उरकायचं म्हणून प्रोसेसरचा वेग कारखान्याने ठरवून दिला होता त्यापेक्षा वर चढवला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मी त्याला अक्कल समजत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिल्म अर्धी होत आली आणि मशीन फट्‌कन बंद पडलं. चालू केलं, वीस मिनिटांत पुन्हा बंद. तापमानाचा आकडा बघितला तर शंभर अंशांच्या आसपास. वेग थोडा उतरवला, व्होल्टेज कमी केलं, बाजूचा पत्रा काढून टेबलफॅन लावला. काही उपयोग नाही. तेव्हा टॉर्च घेऊन आत वाकलो, तर प्रोसेसरवरच्या कुलरच्या, म्हणजे तो थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर चिकट थर, त्यात धूळ, खिडकीतून येणारी वाळू आणि एक मेलेलं चिलट.

वडील दारातच उभे होते. मशीन बंद पडलं की येऊन उभे राहायचे, "तापता काय रे?" म्हणून विचारायचे. मी विचारलं, ह्याला हात कुणी लावला?

"मी तेल लावलंय," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात, तू कणकवलीक गेलंस तेवा. खारो वारो आसा, गंज धरतलो. इंजिनाक लावतंय तसा पातळच लावलंय."

मासेमारीची होडी त्यांनी विकली होती, पण तिचं इंजिन ठेवलं होतं. पावसाळ्याआधी होड्या ओढून माडांखाली आणल्या की इंजिन उतरवायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, पुसून तेलाचा हात द्यायचा, हे त्यांनी जन्मभर केलं होतं. होडी नसतानाही दर मे महिन्यात ते करत. तोच हात त्यांनी माझ्या कॉम्प्युटरला दिला होता. त्यांच्याकडे यापेक्षा मोठं प्रेम दाखवायची दुसरी रीत नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी ओरडलो.

"तुका काय कळता ह्यातला? माझा वाटोळा केलंस!"

शेजारची काकी कुंपणापाशी येऊन उभी राहिली इतका ओरडलो. मी ब्रशने पाती साफ केली, एकेक पातं पुसलं. तरीही मशीन बंद पडत राहिलं. मग मी ठरवून टाकलं की तेल आत प्रोसेसरपर्यंत उतरलं असणार. कुलर काढून बघायचं धाडस मला झालं नाही. चौथ्या दिवशी स्टुडिओला अर्धी फिल्म पाठवली, त्यांनी गोड शब्दांत नकार दिला. महिनाभरात कॉम्प्युटर घेऊन मी पुण्याला गेलो. निघताना वडील स्टँडवर आले होते. "माज्या हातान तुजा नुकसान झाला," एवढंच म्हणाले. मी गाडीत चढलो.

पुण्यात दिवाळीच्या सुमारास मोठा कुलर बसवायचा म्हणून जुना पहिल्यांदा काढला. त्याच्या तांब्याच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद तसाच चिकटलेला होता. बसवण्यापूर्वी काढा, असं त्यावर छापलेलं होतं. प्रोसेसरची उष्णता कुलरपर्यंत नीट पोचतच नव्हती, पहिल्या दिवसापासून. वडिलांच्या तेलाने दोन-चार अंश वाढले असतील, जास्त नाही. नवा कुलर बसवल्यावर मशीन तासन्‌तास चाललं आणि मी त्याच्यासमोर बसून स्वतःला शिव्या घातल्या.

वडिलांना हे सांगायला फोन मात्र केला नाही. आठवड्याला फोन होत होता, जेवणाखाण्याची चौकशी होत होती, आणि दर वेळी ते विचारत, "आता तापत नाय मा?" मी म्हणायचो, नाही तापत.

मे महिन्यात गावी गेलो. पडवीच्या कोपऱ्यात इंजिन होतं, त्यावर गोणपाट टाकलेलं. उचलून बघितलं तर कडेने लाल गंज चढलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला हात लावला नव्हता. मी फळीवरचा तेलाचा डबा काढला, फडका शोधला आणि त्यांच्यापुढे धरला. मनात होतं, ते तेल लावायला बसले की शेजारी बसून सगळं सांगून टाकायचं.

त्यांनी डबा घेतला नाही.

"तूच लाव," ते म्हणाले. "माका काय कळता त्यातला?"

मी लावलं.