दोन घरांची एक लाइन

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की बोलता बोलता मी फोन खाली ठेवून देतो. इथे वॉटफर्डमध्ये माझी नात वैतागते. "आजोबा, फोनवर सांगा ना, एवढं चालत कशाला येता?" असं ती म्हणते. गुडघे कुरकुरतात, तरी मी कोट चढवून तिच्या घरी जातो. महत्त्वाचं काही असलं की मी ते फोनवर बोलत नाही.

मी तेव्हा एडिनबरापासून तासाभरावरच्या एका ग्रामीण ठाण्यात कॉन्स्टेबल होतो. वडील डॉक्टर म्हणून ग्लासगोला आलेले, त्यामुळे मी तिथेच वाढलो आणि आईच्या मनाविरुद्ध पोलिसात गेलो. ठाण्यात आम्ही तिघं: सार्जंट, एक जुना कॉन्स्टेबल आणि मी. कामं कसली, तर हरवलेल्या मेंढ्या, बंदुकीचे परवाने आणि शनिवारच्या मारामाऱ्या. सावळा पोलीस दारात दिसला की लोक आधी टक लावून बघायचे, मग चहा विचारायचे.

आजच्या मुलांना सांगून पटत नाही, पण त्या भागात तेव्हा बऱ्याच ठिकाणी दोन घरांत मिळून टेलिफोनची एकच लाइन असे. नंबर वेगळे, घंटा वेगळी, तार मात्र एक. भाडं थोडं कमी लागायचं म्हणून काही जण आपणहून घेत. बाकीच्यांना इलाज नसे, कारण एक्स्चेंजकडे तारा कमी होत्या आणि वाटून घ्यायला नाही म्हणायची सोय नव्हती. कॉल करायचा तर आधी बटण दाबायचं, म्हणजे त्याचे पैसे आपल्याच नावावर लागत. रिसीव्हर उचलला आणि शेजारी बोलत असला, तर त्याचं सगळं बोलणं कानावर पडायचं. अशा वेळी रिसीव्हर लगेच खाली ठेवायचा, असा नियम. तो किती जण पाळतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एका सोमवारी सकाळी एक माणूस ठाण्यात आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. लाकडाच्या वखारीत कामाला होता. बायको शुक्रवारी ग्लासगोला बहिणीकडे जाते म्हणून निघाली, ती तिथे पोचलीच नाही, असं त्याचं म्हणणं. सांगताना त्याचे डोळे भरून आले. मी नोंद घेतली, वर्णन लिहिलं, फोटो ठेवून घेतला. ग्लासगोच्या पोलिसांनी बहिणीला विचारलं, तर तिने कानांवर हात ठेवले.

बायको हरवली की आधी नवऱ्याकडे बघायचं, हा सार्जंटचा शिरस्ता. आम्ही त्याला दोन तास बसवून उलटसुलट विचारलं, त्याची शेड तपासली. प्रत्येक वेळी उत्तर तेच आणि आवाज तितकाच मऊ. मला त्याची कीव आली, हे मी कबूल करतो.

बुधवारी दुपारी ठाण्यातला फोन वाजला. आधी नाणं पडल्याचा आवाज आला, म्हणजे कॉल बूथमधून होता. म्हाताऱ्या बाईचा आवाज म्हणाला, "त्या बाईला शोधू नका. ती सुखरूप आहे." एवढं बोलून फोन बंद झाला. मी स्टेशन डायरीत वेळ टाकली.

आमच्या हद्दीत चालू बूथ एकच होता, पोस्टाबाहेरचा. पोस्टातल्या बाईंना विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितलं की त्या वेळी एक विधवा म्हातारी आली होती. पेन्शनचा दिवस मंगळवारचा, मग ही बुधवारी एवढ्या वाऱ्यात दोन मैल चालत कशाला आली, याचं त्यांनाही नवल वाटलं होतं. ही म्हातारी त्या जोडप्याच्या घरापासून अर्ध्या मैलावर एकटी राहायची. तिच्या घरी फोन होता. एक्स्चेंजला विचारलं तेव्हा कळलं, त्या दोन घरांची लाइन एकच.

मग मला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. म्हातारी शेजारणीचं बोलणं चोरून ऐकत असणार, आणि ते उघड होऊ नये म्हणून बूथवर गेली असणार. ही गोष्ट माझ्या घरचीच होती. ग्लासगोला आमची लाइन खालच्या मजल्यावरच्या एका बाईबरोबर होती. दर रविवारी आई मावशीशी बोलायची तेव्हा मध्येच कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा. मी एकदा तक्रार करतो म्हणालो, तर आई म्हणाली, "राहू दे रे. तिला मराठीचा एक शब्द कळत नाही. एकटी असते, माणसाचा आवाज हवा असतो तिला. ऐकू दे की."

हेच डोक्यात धरून मी म्हातारीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. आधी तिने साफ नाकारलं. मग हळूच विचारलं, ऐकलं म्हणून टेलिफोनवाले फोन काढून नेतात का? तिच्यापाशी नियमांचा छापील कागद होता, तो तिने घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. फोन कुणी नेणार नाही, असा मी तिला शब्द दिला. तेव्हा ती बोलायला लागली.

तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस बायकोला मारायचा, खांद्याखाली, कपड्यात झाकेल असं. तो कामावर गेला की ती बहिणीला फोन करून रडायची. बहिणीनेच तिला समुद्राकाठच्या एका गावी मैत्रिणीच्या लॉजमध्ये, दुसऱ्या नावाने ठेवलं होतं. म्हातारीने गावाचं नाव सांगितलं. लॉजचं नाव तिला चटकन आठवेना.

मी निघताना ती दारापर्यंत आली. "काही विचारायचं असलं तर तू स्वतः ये," ती म्हणाली. "फोन करू नकोस. मी चहा करून ठेवीन."

मी फक्त चहाचं ऐकलं. एकटी आहे बिचारी, असं म्हणत मी सायकलवर बसलो.

सार्जंटने नवऱ्याला काही न सांगता बाई सुखरूप आहे का, एवढं बघायचं ठरवलं. त्यासाठी लॉजचं नाव हवं होतं. शुक्रवारी सकाळी गाडी जुना कॉन्स्टेबल घेऊन गेला होता, सायकलने जायचं तर चढ होता, आणि माझ्यापुढे डिरेक्टरी उघडी होती. मी म्हातारीला फोन लावला. "तू इकडे ये," एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम आहे. गावाचं नाव घेऊन मी तिथल्या लॉजची नावं वाचायला लागलो. तिसऱ्या नावाला ती म्हणाली, "पुरे." तिच्या आवाजावरून मला उत्तर मिळालं. त्याच वेळी लाइनवर बारीक टक असा आवाज झाला. तार जुनी असेल, असं मला वाटलं.

पाऊण तासाने ठाण्यातला फोन वाजला. आधी नाणं पडलं. मग धापा टाकत म्हातारी म्हणाली, "त्याने ऐकलं. त्याची गाडी गेली." तिने घरून फोन करून पाहिला होता, पण त्याने रिसीव्हर खाली लोंबकळत ठेवला होता. एका घरचा रिसीव्हर उचललेला राहिला की दुसऱ्या घरचा फोनही बंद. म्हणून ती पुन्हा दोन मैल चालत आली होती.

आम्ही तिकडच्या ठाण्याला कळवलं. त्यांची माणसं पोचली तेव्हा तो आधीच पोचला होता. बाई वाचली. तिचा जबडा मोडला होता आणि एका कानाने तिला पुढे कधी ऐकू आलं नाही. नवऱ्याला जिन्यातच पकडलं. जबाबात त्याने सांगितलं की बायको गेल्यापासून तो कामावर न जाता घरीच होता, आणि तिचा काही तपास लागला का, हे विचारायला तो ठाण्यालाच फोन करणार होता. रिसीव्हर उचलला, तर ठाणं आधीच लाइनवर बोलत होतं.

कागदोपत्री प्रकरण उत्तम निघालं. बाईचा शोध लागला, आरोपीला अटक झाली. वरून माझ्या नावाने शाबासकीचं पत्र आलं. ते मी कुठे ठेवलं, मला आठवत नाही.

मी म्हातारीकडे माफी मागायला गेलो. तिने मला आत घेतलं नाही.

"मी दोन मैल चालत गेले, ते त्याने ऐकू नये म्हणून," ती म्हणाली. "तुला फक्त खुर्चीतून उठायचं होतं."

पुढे तीस वर्षं नोकरी केली, शेकडो जबाब घेतले. साक्षीदाराला काय माहीत आहे, ते आम्ही खोदून खोदून विचारतो. तो कशाला घाबरतो, हे मात्र आपल्याला आधीच कळलंय असं समजून चालतो. तिला लाज वाटते, ती एकटी आहे, हे मी माझ्या मनाने ठरवलं. तिला एकदा विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. आईचं म्हणणं आमच्या खालच्या बाईपुरतं खरं होतं, ते मी भलत्याच बाईला लावलं.

महिन्याभराने एक्स्चेंजमधल्या ओळखीच्या माणसाने सहज सांगितलं की त्या लाइनवर आता एकही फोन उरलेला नाही. नवऱ्याचं घर रिकामं पडलं होतं. म्हातारीचा फोन कुणी काढून नेणार नाही, असा मी तिला शब्द दिला होता. तो फोन तिने स्वतःच अर्ज करून काढायला लावला.