आत्याबाईंचे हात

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हात जोडले की दोन्ही पंजे मनगटातून खाली लोंबत, पाण्यावाचून मान टाकलेल्या रोपासारखे. शहाद्याला आमचं कुंभाराचं घर. गल्लीतली मडकी नुसती लाल. आमच्या लोणच्याच्या बरण्या चकाकायच्या. ती चकाकी शेंदराची, म्हणजे भाजलेल्या शिशाची. काचेच्या भुकटीबरोबर तो घरातच जात्यावर दळायचा, पेजेत कालवून बरणीवर चढवायचा, मग भट्टी.

कालवण बोटानं चाटून त्या म्हणत, "गोड लागस." म्हणजे जमलं. मी बोट बुडवलं, तर फाडकन हातावर मारलं.

दुसरीत शाळा सुटलेली मी, लग्न होऊन आले आणि जात्याकडे वळले. तशा आडव्या आल्या. "आठे बसू नको वं माय. मन्हा चार लेकरं यानी खाई टाकात. तुन्हं खाऊ देवाव नही." हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. न दळणाऱ्या घरांतली पोरं जगत, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

लढाई लागली, बाहेरच्या चिनी मातीच्या बरण्या येईनाशा झाल्या, आमची मागणी वाढली. घर त्यावरच चालायचं. आत्याबाई एकट्या दळत. पकड सुटायला लागली, तेव्हा पंजा फडक्यानं खुंट्याला बांधून दळत. शेजारीण टोचायची, "सासू दयस नि सून बठीसन खास!"

"तुन्ही जीभ कोठे थांबस?" आत्याबाई म्हणत. "तिलेच जातंले जुंप."

मला दिवस गेले. सातव्यात माहेरी जायची रीत, त्यांनी तिसऱ्यातच कळसाडीला धाडलं. लोक काय काय बोलले. मुलगी झाली, जगली.

तिला घेऊन परतले, तेव्हा त्यांनी माझ्याकडून आपले हात राखेनं घासून घेतले, नखंसुद्धा, आणि मगच तिला मांडीवर घेतलं. पोरीनं त्यांचं लोंबतं बोट धरलं आणि तोंडात घातलं. त्यांना ते ओढून घेता येईना. त्या किंचाळल्या, "काढ वं माय, काढ! तिना तोंडमाईन बोट काढ!"

त्याच आठवड्यात त्यांनी नवऱ्याला, मला आणि पोरीला सुरतेला गिरणीकडे पिटाळलं. स्वतः नाही आल्या. "भट्टी कोण लावी?" म्हणाल्या. निघताना पोरीला हात लावला नाही, दारातून बघत राहिल्या. पावसाळ्यानंतर त्या गेल्याचा निरोप आला.

पोर आता भाकरी थापते. तिचं लक्ष तव्याकडे असतं, माझं तिच्या मनगटांकडे.