ओट्यावरचं गाऱ्हाणं

अंबरनाथच्या ज्या कारखान्यात आमचे हे ऑफिसर होते, तिथे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्पेनहून एक मोठं यंत्र आलं. ते बसवायला एक इंजिनीअर आला, सोबत त्याची बायको. सहा महिन्यांसाठी कंपनीच्या क्वार्टर्समध्ये, अगदी आमच्या समोरच्या दारात. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून तिला सोबत करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. इंग्रजी तिचंही तुटकंच होतं, त्यामुळे मला फारसं दडपण आलं नाही.

ती दक्षिण स्पेनची, सेव्हिलजवळच्या एका गावातली. परदेशी बाई म्हणजे काहीतरी निराळंच प्रकरण असणार, अशी माझी समजूत होती. ही तर दुपारी जेवून, पडदे ओढून चक्क झोपायची! आणि उन्हं उतरली की दाराबाहेर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत बसायची. भाषा येत नव्हती, पण तिचं काही अडायचं नाही.

होळी झाल्यावर एकदा म्हणाली, "मला शिळा पाव हवाय." उल्हासनगरच्या बेकरीतल्या सिंधी शेठना ते पटेचना. "बासी? पक्का बासी?" त्यांनी दोनदा विचारलं. घरी आणून तिने त्याचे तुकडे दुधात भिजवले, अंड्यात बुडवून तळले, वर मध आणि दालचिनी घातली.

"ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे घरोघरी हे करतात," ती म्हणाली आणि तिने पर्समधून एक फोटो काढून दाखवला. मिरवणुकीत निघालेला, फुलांनी, मेणबत्त्यांनी भरलेला भलामोठा चौथरा, त्यावर येशूच्या आईची मूर्ती, जरीच्या वस्त्रात. खाली पडद्याआडून फक्त पावलं दिसत होती.

"आत तीस-चाळीस माणसं आहेत. मानेवर उचलतात. यातली एक जोडी माझ्या वडिलांची."

"त्यांना बाहेरचं काही दिसतं?"

"काही नाही. लोक आईला बघतात. 'सुंदर! सुंदर!' म्हणून ओरडतात. ते ऐकू येतं, बस."

ईस्टर कधी, म्हणून विचारलं तर म्हणाली, पौर्णिमा बघून ठरतो. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्याच आठवड्यात चैत्री पौर्णिमा होती, आणि बदलापूरजवळ सोनिवलीला, माझ्या मावशीच्या गावात, देवीची पालखी. मी तिला घेऊन गेले.

दिवस कलताना पालखी मावशीच्या दारी आली. सनई-ढोल थांबले. मावशीने भोयांच्या पायांवर पाणी घातलं, देवीला ओवाळलं. मी मागे वळून पाहिलं, तर ही ओट्याच्या कडेला येऊन उभी. एका हाताने खांब घट्ट धरलेला, डोळे मिटलेले. आणि तिने आवाज लावला.

तसं काही मी आधी ऐकलं नव्हतं. गाणं म्हणावं तर ताल नव्हता, रडणं म्हणावं तर एकेक सूर पक्का होता. आवाज वर चढायचा, थरथरायचा, तुटतोय असं वाटेपर्यंत ताणला जायचा आणि पुन्हा उभा राहायचा. पोरं आधी फिदीफिदी हसली, मग गप्प झाली. ढोलवाल्याने टिपरू उचललं, तेवढ्यात पालखीपुढच्या म्हाताऱ्या भगताने हात वर केला.

"थांब रं. बाय गाऱ्हानं घालते. होऊं दे तिचं."

सगळं गाव उभं राहिलं. भोयांनी पालखी खाली टेकवली नाही, खांद्यावरच धरून ठेवली. मी तिची रोजची मैत्रीण, मला काही कळलं नव्हतं आणि त्या भगताला एका क्षणात कळलं होतं.

तिचं संपल्यावर त्याने पुढे होऊन तिच्या कपाळाला गुलाल लावला. पालखी पुढे निघाली, तेव्हा मी तिला हळूच विचारलं, "काय मागितलंस?"

"मागितलं नाही. आमच्याकडे आई दारावरून जाते तेव्हा गॅलरीतून असं गातात. माझी आई गायची, मी कधी धजले नव्हते." मग म्हणाली, "वडील जानेवारीत गेले. पत्र पोचायला तीन आठवडे लागले. यंदा ते उचलायला येणार नाहीत, एवढंच सांगितलं."

मावशीला मी ते मराठीत सांगितलं. ती लगेच आत जाऊन नारळ, तांदूळ, खण घेऊन आली. फ्रॉकला पदर कुठला? मग तिने आपलाच धुतलेला पंचा त्या बाईच्या दोन्ही हातांवर पसरला आणि तिची ओटी भरली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, एकीचा शब्दही दुसरीला कळत नसताना.

लहानपणापासून मी ती पालखी बघत आले होते. हात जोडायचे आणि लगेच पुऱ्या तळायला आत पळायचं, हीच सवय. त्या दिवशी मी रस्त्यावर उतरले. पालखी तळ्याकडे वळेपर्यंत अनवाणी तिच्या मागून चालत गेले.