अमडापूर हरतं तेव्हा

पुस्तकातलं रक्त दीपकला कधी बाधलं नाही. चिखलीच्या रद्दीवाल्याकडून तो भयकथांच्या कादंबऱ्या आणायचा, त्याही साध्या भुताखेताच्या नव्हेत, चांगल्या मुंडकी उडवणाऱ्या. जेवताना पुस्तक ताटाशेजारी उघडं. पानावर कुणाची आतडी बाहेर निघत असली तरी याचा घास काही थांबत नसे. बायको प्रेरणा पाठ फिरवून जेवायची.

असला हा निबर गडी. पण बापाच्या तंबाखूच्या पुडीवर छापलेला सडक्या जबड्याचा फोटो त्याला बघवत नसे. पुडी दिसली की तो ती हळूच पालथी करून ठेवायचा.

कारण बाप, म्हणजे कडूबा, याच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला होता. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तंबाखू आजच्या आज सोडा, नाही तर पुढचं काही खरं नाही. कडूबानं मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून तंबाखू मळायला घेतली. मग घरात सगळे उपाय झाले. त्याची बायको शालूबाई हिनं रडून पाहिलं, नात छकुलीनं पुडी पिठाच्या डब्यात लपवली. दीपकनं आपलं हत्यार काढलं. ज्या कादंबरीत एका माणसाचा जबडा करवतीनं कापतात, ते प्रकरण त्यानं बापाला मोठ्यानं वाचून दाखवलं. कडूबा तंबाखू मळत मन लावून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मंग? पुढं काय झालं बे?"

सगळ्यांनी हात टेकले.

दीपकचं दुसरं व्यसन टीव्हीला जोडलेलं होतं. त्याआधी त्याच्या हातून बऱ्याच गोष्टी निसटल्या होत्या. पोलीस भरतीत धावण्यात थोडक्यात राहिला. मोबाईलचं दुकान काढलं, ते बसलं. आता बापाबरोबर वांगी-कोथिंबीर पिकवायची आणि धाड गावच्या बाजारात नेऊन विकायची. घरात कुणी टोचून बोलत नव्हतं, आणि तेच त्याला जास्त टोचायचं. दुकान मोडताना एका मिस्त्रीनं त्याच्या गळ्यात गेम खेळायचं जुनं यंत्र मारलं. त्यात एकच गेम होता, अमेरिकन फुटबॉलचा. दुसरा मिळेना म्हणून दीपक तोच शिकला. त्यात स्वतःची टीम बनवता यायची. त्यानं हिरव्या कपड्यांची टीम बनवली आणि इंग्रजीत आपल्या गावाचंच नाव टाकलं, अमडापूर.

दुपारी शेतातून आला की कडूबा मागे खाटेवर बसून बघायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, "चेंडू हाय का पपई हाय हे?" मग हळूहळू त्याला गोडी लागली. चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही सरकलं तर चेंडू दुसऱ्याचा, एवढं कळल्यावर तो खूश झाला. "हे त आपल्या शेजाऱ्यावानी हाय. थोडा थोडा वावराचा धुरा कोरत येते."

एक मोसम म्हणजे बरेच सामने आणि शेवटी फायनल. खेळायला दोनेक महिने लागत. पहिल्या फायनलला अमडापूर खरोखरच हरलं. दीपकनं रिमोट गादीवर फेकला आणि म्हणाला, "आपल्या नशिबात जितणंच नाही."

तो बोलला गेमबद्दल, कडूबानं ऐकलं पोराच्या आयुष्याबद्दल. त्याच संध्याकाळी तो टेकडीवरच्या देवीला गेला आणि नवस बोलून आला. माह्या पोराचं अमडापूर एकदा जितू दे, तोवर तंबाखू मले वर्ज्य. घरी येऊन त्यानं पुडी शालूबाईच्या हातात दिली. ती बिचारी कितीतरी वेळ पुडी हातात धरूनच उभी होती.

आणि कडूबानं खरंच तंबाखू सोडली!

पुढच्या मोसमात अमडापूर पुन्हा फायनलला पोचलं. सामना हातात आलेला, आणि नेमकं तेव्हा दीपकच्या डोक्यात उजेड पडला. आपण जिंकलो की नवस फिटतो, नवस फिटला की पुडी बापाच्या हातात. त्यानं मुद्दाम चेंडू घालवला आणि हरला. घरात आनंद. गेमला उठल्या-बसल्या शिव्या घालणाऱ्या प्रेरणानं चहा आणून दिला. डॉक्टर म्हणाले, चट्टा मावळतोय. फक्त कडूबा त्या रात्री न जेवता झोपला.

त्याच्या पुढच्या फायनललाही दीपकनं तेच केलं. तेव्हा कडूबा म्हणाला, "माह्याकडूनच देवीले कमी पडून राह्यलं." त्यानं चपला दाराच्या आत काढून ठेवल्या. अमडापूर जिंकेपर्यंत अनवाणी.

दीपकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं तर तंबाखू सुरू होणार. न सांगावं तर म्हातारा तापल्या मातीतून वांग्याला पाणी द्यायला चाललेला दिसायचा. पंधरवड्यात बाभळीचा काटा टाचेत मोडला, आत पू झाला. दीपकनं दवाखान्यात नेऊन पट्टी केली, पण चप्पल काही कडूबानं घातली नाही, आणि जखम चिघळतच राहिली. मुद्दाम हरण्याची गोष्ट घरात फक्त दीपकला ठाऊक होती, आणि ती तो रोज एकटाच चघळत होता. कादंबरीतलं कापलेल्या पायाचं पान आलं, तसं त्यानं ताट सरकवलं.

पुन्हा फायनल आली. मागे खाटेवर कडूबा, पट्टीचा पाय उशीवर. अमडापूर पुढे होतं, घड्याळात थोडाच वेळ उरला होता. चेंडू पोटाशी धरून बसलं तरी पुरे. पाय वाचवावा की तोंड वाचवावं, दीपकला ठरवता येईना. अंगठ्यानंच ठरवलं. चेंडू उडाला तो थेट कोपऱ्यातल्या लाल कपडेवाल्याच्या हातात.

"थांबव," कडूबा म्हणाला.

दीपकनं गेम थांबवला. मागे बघायची त्याची छाती होईना.

"तिथं आपला कोनीच नवता. काऊन फेकला?"

दीपक रिमोटचं बटण नखानं खरवडू लागला.

"मागच्या खेपेलेही तू असाच फेकला होता. मी काय आंधळा हाओ?"

"तुमची तंबाखू सुरू झाली असती, बाबा."

आता पाठीत गुद्दा बसेल असं दीपकला वाटलं. खरं तर बसावा असंच त्याला वाटत होतं. कडूबा मात्र खाटेवरून पुढे वाकला.

"म्हंजे तुले जितता येत होतं?"

"हाव."

"दोन्ही खेपेले?"

"हाव, बाबा."

कडूबाचा चेहरा असा खुलला की दीपकला तो बघवेना. "मले वाटलं, माह्या पोराच्या हाताले जितणंच ठाव नाही. रोज तेच मांगत होतो मी देवीले."

दीपकच्या हातातला रिमोट ओला झाला. "चुकलो, बाबा. मारा मले."

"मंग मारीन. आधी लाल्याईले अडव. अजून आपूनच पुढं हाओत."

दीपकनं डोळे पुसले आणि अडवलं. घड्याळ संपलं. कडूबानं अशी आरोळी ठोकली की शालूबाई पिठाच्या हातानं बाहेर धावली. पडद्यावरची हिरवी गर्दी बघून तिला काय झालं ते कळलं, आणि तिचं तोंड उतरलं.

"पुडी दे," कडूबा म्हणाला.

तिनं कोनाड्यातून पुडी काढून दिली. कडूबानं ती उलटी केली, फोटो नीट पाहिला आणि दीपकच्या हातात ठेवली. "तुह्यापाशी ठिव. मी मांगतली त देऊ नको. पन त्याच्यापायी हारू बी नको."

दीपक उठला, चपला घेऊन आला आणि बापाच्या पायाशी बसला. एक गेली. दुसरी सुजेवरून आणि पट्टीवरून काही केल्या चढेना. तो पाय मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला.

"राहू दे बे," कडूबा म्हणाला. "उतरंल सूज."