जास्वंदीच्या मुळाशी

सुमनबाय गेल्या त्याला आता महिना होत आला. त्या दिवशी सकाळी त्यांची सून धापा टाकत आली, "काकी, आई उठत नाहीत," एवढंच म्हणाली... मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. झोपेतच गेल्या. जन्मभर मुलाच्या जिवाची धास्ती घेतलेल्या बाईचा स्वतःचा जीव असा नकळत गेला बघा.

आमची घरं एका दगडी गडग्याला लागून. त्या माहेरच्या दाभोळच्या, मासेमार खारव्यांच्या घरातल्या. आम्ही आंब्याच्या कलमांतले. त्यांचा एकुलता एक दिनेश पहिल्यांदा बोटीवर गेला, त्या सकाळी त्याने दारात जास्वंदीची फांदी खोचली आणि हसत म्हणाला, "ही जगली तर मीपण जगलो समज." पोर बोलून गेलं, पण आईच्या मनात ते रुतून बसलं. पुढे फांदीचं डोक्याएवढं उंच झाड झालं, तरी रोज उठून आधी त्याच्याकडे बघायच्या, मग चुलीकडे.

एका उन्हाळ्यात दिनेश हंगामाच्या शेवटच्या फेरीला गेला आणि इकडे जास्वंदीने मान टाकली. पानांच्या कडा भाजल्यासारख्या, कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या. त्यात रेडिओवर वादळाचा इशारा, आणि बोट काही आत आलेली नव्हती.

"वैनी, तुम्ही कलमांचं बघता ना, हिला काय झालंय सांगा."

"अहो, कीड असेल."

"कीड असली तर बरंच वो. कीड मारता येते."

पानं उलटून पाहिली. पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस नाही, मुंग्यांची रांग नाही. खाली कोरा कागद धरून फांदी झटकली. कोळी कीड असली तर कागदावर बारीक ठिपके चालायला लागतात. नुसती धूळ पडली. काही सापडलं नाही की मला बरं वाटायचं आणि त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. "काहीच नाय म्हंजे कुणीतरी करणी केलीय."

"तुमच्यावर कोण करणी करतंय? तुमच्या तोंडाला अख्खी वाडी घाबरते!"

हसल्या नाहीत. 

मग मुळं बघावीत म्हणून खुरप्याने माती उकरली. तांबड्या मातीवर पांढरट पापुद्रा. बोटाने चाखून बघितला... खारट! "बाय, हिला घालता काय?" तर म्हणे मासळीचं पाणी, नेहमीचंच. आता मासळी धुतलेलं पाणी आपल्याकडे सगळेच झाडांना घालतात, झाडं तरारतात. पण त्या वर्षी पावसाळ्याच्या बेगमीला त्यांनी पिंपभर बांगडे खारवले होते आणि त्या पिंपातलं पाणीही मासळीचंच म्हणून रोज मुळाशी ओतलं होतं.

मी सुटकेचा श्वास टाकला. त्या मात्र मटकन खाली बसल्या. "पोराच्या मुळात खारं पाणी मीच ओतलं, वैनी... माझ्या हातानं."

मग त्या उठल्या आणि विहिरीचं गोडं पाणी शेंदायला लागल्या. मीही पदर खोचला. कळशीवर कळशी ओतत होतो, हात सोलून निघाले, आणि वारा असा सुटलेला की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. त्या थांबायला तयार नाहीत, आणि खरं सांगते, थांबायची भीती मलाही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. बोट दाभोळच्या खाडीत आसऱ्याला शिरली होती, सगळे सुखरूप होते. दिनेश घरी आल्यावर हसला, "आई, झाडाचा नि माझा काय संबंध?" पावसात जास्वंद पुन्हा फुटली, पण त्यांची भीती काही गेली नाही. शेवटपर्यंत पान न् पान उलटून बघायच्या.

आता दिनेश स्वतःच तांडेल आहे, बोट त्याच्या हुकमावर चालते. परवा बंदरातून निघताना, रेंज जायच्या आत, माझ्या मोबाईलवर त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "काकी, जास्वंद कशी हाय?"

मी तिच्यापाशीच उभी होते. हातातल्या पानाच्या पाठीवर पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस धरलेला.

"छान आहे रे," म्हटलं. "तू सांभाळून ये."

तेव्हापासून साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसतेय. बोट आत येईपर्यंत मला काही झोप लागायची नाही.